हौशी ऑर्केस्ट्रासाठी दुर्लक्षित संगीतकार: शोधायचे कुठे, कार्यक्रमात बसवायचे कुठे?

व्हायोलावाली
शिकागोच्या एका उपनगरातल्या हौशी ऑर्केस्ट्रात मी व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य) वाजवते. डॉक्टर, शिक्षक, निवृत्त पोस्टमन, कॉलेजातली मुलं असे सगळे आहोत. आठवड्याला एक तालीम, वर्षाला चार कार्यक्रम. पुढच्या हंगामाचे कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत यंदा मी आहे आणि माझा आग्रह एकच आहे. चारांपैकी निदान दोन कार्यक्रमांत मध्यंतरानंतरची मोठी सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची रचना) अशा संगीतकाराची हवी, ज्याला किंवा जिला आजवर तिथे जागाच मिळाली नाही. बायका, कृष्णवर्णीय, वसाहतींत जन्मलेले, देशोधडीला लागलेले. सुरुवातीला आठ मिनिटांचा एखादा तुकडा वाजवायचा आणि लगेच बेथोव्हेनकडे वळायचं, हे मला नको आहे.

हा आग्रह शिकागोत राहून न धरणं मला जमणार नाही. फ्लॉरेन्स प्राइस याच शहरात राहिली. जन्म १८८७, अर्कान्सासमधल्या लिटल रॉकचा. बॉस्टनला शिकली, १९२७ मध्ये शिकागोला आली. १९३२ मध्ये तिच्या ई मायनर या स्वरपट्टीतल्या सिंफनीला वॉनामेकर स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि १५ जून १९३३ रोजी कंडक्टर फ्रेडरिक स्टॉकच्या हाताखाली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने ती वाजवली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्राने वाजवण्याची ती पहिली वेळ. दहा वर्षांनी तिने बॉस्टनच्या ऑर्केस्ट्राचे कंडक्टर कूसेविट्स्की यांना पत्र लिहिलं आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की आपल्यापुढे दोन अडथळे आहेत, एक बाई असण्याचा आणि दुसरा वंशाचा. माझं संगीत फक्त गुणांवर तपासा, एवढंच तिचं मागणं होतं. कूसेविट्स्कींनी तिची एकही कृती वाजवली नाही. १९५३ मध्ये ती गेली. २००९ मध्ये शिकागोच्या दक्षिणेला सेंट ॲन गावात एका पडक्या घरात तिच्या हस्तलिखितांचे ढीग सापडले, त्यांत व्हायोलिनचे दोन कंचेर्टो (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना) आणि चौथी सिंफनी होती. १९४५ ची ही सिंफनी २०१८ मध्ये अर्कान्सासच्या फोर्ट स्मिथ सिंफनीने पहिल्यांदा वाजवली.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्या कुवतीच्या ऑर्केस्ट्राला झेपतील अशा मोठ्या कृती कोणत्या? स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) आणि वादकांचे पार्ट (ज्याच्या त्याच्या वाद्यापुरती स्वरलिपी) मिळवायचे कुठून? आणि कार्यक्रमात त्यांच्या शेजारी काय ठेवायचं? नुसती नावांची यादी नको. ती कुठेही मिळते.

मंद्रसप्तक
धागा आवडला. मी हिंदुस्थानी संगीत ऐकणारा माणूस, पाश्चात्त्य कमी ऐकलंय. म्हणून एक प्रश्न सरळ विचारतो, राग मानू नका. काळाच्या चाळणीतून जे उरलं ते चांगलं होतं म्हणूनच उरलं ना? सवाई गंधर्वला कोण गातंय यापेक्षा कसं गातंय हे मी बघतो. संगीतकार कोणत्या समाजातला, स्त्री की पुरुष, यावर कार्यक्रम ठरवला तर श्रोत्याला दुय्यम काहीतरी ऐकवल्यासारखं होणार नाही का?

व्हायोलावाली
राग कशाला? आमच्या समितीतही हाच प्रश्न येतो, तेव्हा नीटच उत्तर देते.

चाळणीतून खाली काय येतं हे बघायला आधी ती वस्तू चाळणीत पडावी लागते. लुईझ फारेंक घ्या. १८०४ ते १८७५, पॅरिस. तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत तीस वर्षं पियानोची प्राध्यापक. तिची तिसरी सिंफनी, जी मायनर, १८४७ ची. १८४९ मध्ये ती कॉन्झर्व्हेटरीच्याच संगीतसभेने वाजवली, म्हणजे त्या काळच्या युरोपातल्या सर्वोत्तम ऑर्केस्ट्रांपैकी एकाने. पुढच्या वर्षी तिचं नऊ वाद्यांसाठीचं नॉनेट झालं, त्यात पुढे प्रख्यात झालेला, तेव्हा कोवळ्या वयाचा योआखिम व्हायोलिन वाजवत होता. ते इतकं गाजलं की तिने संस्थेकडे पुरुष प्राध्यापकांइतका पगार मागितला आणि मिळवलाही. म्हणजे गुणवत्ता तिच्या हयातीतच सिद्ध झाली होती. पण तिच्या तीनपैकी एकही सिंफनी तेव्हा छापली गेली नाही. छापील पार्ट नाहीत म्हणजे लायपझिगला किंवा लंडनला कुणाला मनात आलं तरी ती वाजवता येणार नाही. ती पॅरिसमध्येच राहिली आणि तिच्यामागे विसरली गेली. यात श्रोत्यांनी काहीच नाकारलं नव्हतं.

तुमच्याकडचंच बघा. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी जमवून, स्वरलिपीत बांधून छापल्या नसत्या, तर त्यांतल्या किती आज कानावर आल्या असत्या?

आकड्यांत बोलायचं तर ब्रिटनमधल्या 'डॉने' या संस्थेने २०२०-२१ च्या हंगामातल्या जगभरच्या १०० ऑर्केस्ट्रांचे कार्यक्रम तपासले. १४,७४७ कृतींपैकी स्त्रियांच्या होत्या ७४७, म्हणजे साधारण पाच टक्के. बाकीच्या पंचाण्णव टक्क्यांतली प्रत्येक कृती चाळणीतून उतरलेली आहे असं ऑर्केस्ट्रात बसलेलं कुणीही म्हणणार नाही. नावाजलेल्या संगीतकारांच्या कितीतरी ढिसाळ कृती आम्ही दरवर्षी मनापासून वाजवतो.

लायब्ररीतली
मी इंग्लंडमध्ये एका संगीत ग्रंथालयात काम करते आणि ऑर्केस्ट्रांना पार्ट पुरवणं हेच माझं रोजचं काम आहे. तेव्हा तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांवर लांबलचक लिहिते.

संगीतकाराचं नाव बाजूला ठेवा आणि आधी तुमच्याकडे कोण वादक आहेत ते कागदावर मांडा. किती हॉर्न? ट्रॉम्बोन आहेत का? एकट्याने वाजवण्याएवढा धीर असलेला ओबोवाला आहे का? पुष्कळ हौशी ऑर्केस्ट्रांचा बेत इथेच फसतो. आधी कृती आवडते, मग कळतं की तिला सेलेस्टा (घंटांसारखा आवाज देणारं पट्ट्यांचं वाद्य) लागतो आणि चार बासरीवादक लागतात.

फारेंकची तिसरी तुमच्यासाठी फार सोयीची आहे. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून ही फुंकवाद्यं प्रत्येकी दोन, दोन हॉर्न, टिंपनी (मोठे नगारे) आणि तंतुवाद्यं. ट्रम्पेटही नाही, ट्रॉम्बोनही नाही. अर्ध्या तासाच्या आसपास चालते. सुरुवात एकट्या ओबोने होते, त्यामुळे तिथे विश्वासाचा माणूस हवा. तिसरा भाग, स्केर्झो (चपळ, खेळकर भाग), कागदावर दिसतो त्याहून अवघड आहे. दबक्या आवाजात, वेगाने धावणारी तंतुवाद्यं आहेत. पहिल्या तालमीपासून तो संथ लयीत घ्या. जर्मनीत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिच्या निवडक कृतींची अभ्यासपूर्ण आवृत्ती निघाली, तेव्हापासून पार्टची अडचण उरलेली नाही.

शेव्हालिए द सें-जॉर्ज, म्हणजे जोझेफ बोलोन्य, याच्या दोन सिंफन्या (कृती क्रमांक ११) अजून छोट्या: तंतुवाद्यं, दोन ओबो, दोन हॉर्न. याचा जन्म १७४५ चा, ग्वादलूप बेटावरचा. आई नानों गुलाम, बाप मळेवाला. पॅरिसमध्ये तलवारबाज म्हणून गाजला, मग व्हायोलिनवादक आणि ऑर्केस्ट्राचा प्रमुख झाला. १७७६ मध्ये पॅरिसच्या ऑपेराचं प्रमुखपद त्याच्याकडे जायच्या बेतात होतं, तेव्हा तिथल्या काही गायिका-नर्तिकांनी आपण मिश्रवर्णीयाचे हुकूम मानणार नाही असा अर्ज राणीकडे केला आणि ते बारगळलं. त्याला 'काळा मोझार्ट' म्हणण्याची पद्धत आहे. तुमच्या पत्रकात कृपा करून ते छापू नका. तो मोझार्टपेक्षा अकरा वर्षांनी मोठा होता आणि त्याचं स्वतःचं नाव पुरेसं आहे.

सॅम्युएल कोलरिज-टेलरचा ए मायनर बॅलड बारा-तेरा मिनिटांचा, पण ब्रासचा (पितळी फुंकवाद्यांचा) ताफा पूर्ण लागतो. इंग्लिश संगीतकार एल्गारने शिफारस केली म्हणून १८९८ च्या ग्लॉस्टर महोत्सवासाठी हे काम त्याला मिळालं. बाप सिएरा लिओनचा डॉक्टर, आई इंग्रज, वाढला क्रॉयडनला. त्याच वर्षीची त्याची हायावाथा या काव्यनायकावरची कांटाटा (गायकवृंद आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) इंग्लंडभरच्या गायकवृंदांनी वर्षानुवर्षं गायली, पण हक्क त्याने प्रकाशकाला पंधरा गिनींना कायमचे विकून टाकले होते. १९१२ मध्ये सदतिसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेला. हे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

आता पार्टबद्दल. फुकटच्या संकेतस्थळांवर, विशेषतः पेत्रुची ग्रंथालयावर, खूप काही आहे. पण तिथून उतरवून थेट वादकांच्या हाती देऊ नका. कुणीतरी हौसेने संगणकावर टंकलेल्या पार्टमध्ये तालखंडांचे (बारचे) क्रमांक नसतात, पानं उलटायला जागा नसते, स्कोअरमध्ये एक सूर आणि पार्टमध्ये दुसराच असतो. तालमीतली वीस मिनिटं 'माझ्याकडे शुद्ध सूर आहे, तुझ्याकडे काय?' यात जातात आणि सगळ्यांचं मत होतं की संगीतच वाईट आहे. हौशी ऑर्केस्ट्रात नव्या संगीतकाराचं नाव खराब होतं ते बहुतेक वेळा पार्टमुळे. पहिल्या तालमीच्या महिनाभर आधी दोघांनी बसून स्कोअर आणि पार्ट ताडून बघा.

पुणेरी_सनई
वाचनखूण साठवली. खूप माहिती मिळतेय. नवशिक्याने ऐकायला सुरुवात कुठून करावी, हेही कुणीतरी लिहा.

हक्कनोंद
कायद्याच्या बाजूने थोडं. अमेरिकेत जुन्या प्रकाशित संगीताचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षांनी संपतो. २०२६ च्या १ जानेवारीला १९३० मध्ये प्रकाशित झालेलं संगीत खुलं झालं. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपात आणि ब्रिटनमध्ये ७०. म्हणजे फारेंक, सें-जॉर्ज, कोलरिज-टेलर सगळीकडे खुले. पण संपादकाने तयार केलेल्या नव्या आवृत्तीचे हक्क वेगळे असू शकतात, ते बघून घ्या. प्राइसचं प्रकरण नाजूक आहे. तिच्या पुष्कळ कृती तिच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा छापल्या गेल्या. २०१८ मध्ये शर्मर या प्रकाशनसंस्थेने तिच्या संगीताचे जागतिक हक्क घेतले. तेव्हा तिच्या सिंफनीसाठी भाड्याची रक्कम अंदाजपत्रकात आधीच धरा. 'शंभर वर्षांपूर्वीची बाई, आता काय हक्क' असं समजून चालू नका.

तिसरी_घंटा
मी मुंबईत छोट्या मैफली भरवते, बहुतेक चेंबर (मोजक्या वादकांच्या) संगीताच्या. तिसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते.

वेगळी संध्याकाळ ठेवू नका. मार्चमध्ये महिला दिन आला की स्त्री संगीतकार आणि अमेरिकेत फेब्रुवारी आला की कृष्णवर्णीय संगीतकार, मग उरलेले दहा महिने पूर्वीसारखेच, हे मला फार खटकतं. अशा कार्यक्रमाला आधीपासून पटलेलेच लोक येतात. ऑक्टोबरात, तुमच्या नेहमीच्या श्रोत्यांसमोर, त्यांच्या आवडत्या कंचेर्टोनंतर फारेंक वाजू दे.

शेजारी काय ठेवायचं हे जपून ठरवावं लागतं. सें-जॉर्जबरोबर हायडनच्या ८२ ते ८७ क्रमांकांच्या सिंफन्यांपैकी एक ठेवा. या सहा सिंफन्या पॅरिसच्या ज्या ऑर्केस्ट्राने हायडनकडून लिहवून घेतल्या, त्याचा प्रमुख सें-जॉर्जच होता. त्यामुळे दोघं एका संध्याकाळी आले की तो बरोबरीचा माणूस म्हणून समोर येतो. क्लारा शुमानचा पियानो कंचेर्टो (कृती ७) मला तिचा नवरा रॉबर्ट शुमान याच्याशेजारी मात्र अजिबात आवडत नाही. १८३५ मध्ये लायपझिगला मेंडेल्सोनच्या संचालनाखाली तिने तो स्वतः वाजवला, तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि तिचं लग्न व्हायचं होतं. मधल्या भागात ऑर्केस्ट्रा थांबतो आणि पियानोबरोबर फक्त एक चेलो उरतो. तुमच्याकडे चांगला चेलोवाला असेल तर त्याच्यासाठी एवढं कारण पुरे आहे.

लायब्ररीतली
प्राइसच्या पहिल्या सिंफनीबरोबर द्वोर्झाकची नववी? दोन्ही ई मायनर. द्वोर्झाक १८९३ मध्ये न्यूयॉर्कला होता आणि अमेरिकेचं भावी संगीत कृष्णवर्णीयांच्या गाण्यांवर उभं राहील असं उघड म्हणत होता. श्रोत्यांना धागा लगेच दिसेल.

तिसरी_घंटा
दिसेल, पण चुकीचा दिसेल असं मला वाटतं. द्वोर्झाकची नववी प्रत्येकाला पाठ आहे. तिच्या शेजारी प्राइस ठेवली की लोक रात्रभर साम्यं शोधत बसतात आणि घरी जाताना म्हणतात, 'त्याचंच अनुकरण.' प्राइसला ती गाणी आणि ते नाच घरातून, चर्चमधून मिळाले होते. दुसऱ्या भागात ब्रासवाले भजनासारखी संथ धून वाजवतात आणि मधूनमधून आफ्रिकी ढोल बोलतो. तिसऱ्या भागाचं नावच 'जुबा नाच'. ढोल बाळगायची परवानगी नसलेल्या गुलामांनी टाळ्या, मांड्या, छाती यांवर धरलेल्या तालाचा हा नाच. स्वतंत्रपणे ऐकलं तरच हे कानात शिरतं.

व्हायोलावाली
मला तिसरी_घंटा यांचं पटतं. लायब्ररीतली, तुमचं फारेंकचं वर्णन वाचून मी स्केर्झोचा व्हायोलाचा पार्ट काढून बसले. तुम्ही म्हणता तसाच आहे, बोटं लागेपर्यंत धीर धरावा लागणार.

साळनदी
मडगावहून नमस्कार. इतकं पॅरिस-शिकागो झालं, आता आमच्या माणसांबद्दल लिहिलं नाही तर मला झोप लागणार नाही.

ॲन्थनी गोन्साल्विस हे नाव हिंदी चित्रपटगीतामुळे घराघरात आहे. शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचं नाव त्या गाण्यात गुंफलं. पण खरा माणूस गोव्यातल्या माजोर्ड्याचा, जन्म १९२७, व्हायोलिनवादक आणि हिंदी चित्रपटसृष्टीतला मोठा अरेंजर (गाण्यांची वाद्यरचना करणारा). त्यांना रागसंगीत आणि पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा यांचा मेळ घालायचा होता. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्यांनी स्वतः उभा केलेला शंभरावर वादकांचा ऑर्केस्ट्रा वाजला, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. 'सोनातिना इंडियाना' त्यांचीच रचना. मग १९६० च्या दशकात ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर माजोर्ड्याला शांतपणे राहिले. २०१२ मध्ये वारले. गोव्याच्या चर्चमधल्या शाळांत मेस्तांनी (संगीतशिक्षकांनी) पोरांना नोटेशन शिकवलं, ती पोरं मुंबईच्या स्टुडिओंत गेली आणि पडद्यावर नावं दुसऱ्यांची आली. या लोकांनी स्वतःसाठी म्हणून जे लिहिलं ते कुठे आहे? बरंचसं घरच्या कपाटांत. सेंट ॲनच्या पडक्या घराबद्दल वाचताना मला सासष्टीतली बंद घरं आठवली.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांचे हाताने लिहिलेले मोतेत (चर्चमधली धार्मिक गाणी), मांडो (गोव्याची नाचाची गाणी), व्हायोलिनचे तुकडे असतील तर रद्दीत घालू नका. पावसाळ्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दमट हवेत शाई फुटते, वाळवी लागते. संगीतकाराचं नाव, गावाचं नाव, पहिल्या पानाचा आणि शेवटच्या पानाचा वेगळा फोटो, एवढं केलं तरी पुढच्याला धागा मिळतो.

तिसरी_घंटा
साळनदी, मनापासून आभार. मुंबईचाच आणखी एक: वॉल्टर काउफमान. कार्ल्सबादचा ज्यू संगीतकार, १९३४ मध्ये मुंबईत आला, इथे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. आकाशवाणीची सकाळची धून त्याची मानली जाते. १९४६ पर्यंत तो मुंबईत होता. ती धून सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याची स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) कोण ऐकतं? २०२० मध्ये टोरांटोच्या एआरसी आँसाम्बलने त्याच्या चेंबर कृतींची ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा कुठे दार उघडलं. त्याची कागदपत्रं इंडियाना विद्यापीठात, ब्लूमिंग्टनला आहेत. व्हायोलावाली, तुम्हाला शिकागोहून गाडीने एका दिवसात जाऊन येता येईल.

आणि वनराज भाटिया. लंडनच्या रॉयल अकादमीत आणि पॅरिसला नादिया बूलांजेकडे शिकलेला माणूस. दूरचित्रवाणी आणि चित्रपटांच्या संगीतासाठी लक्षात राहिला, पण पियानो आणि चेंबरच्या कृती वाजत नाहीत. २०२१ मध्ये ते गेले. मुंबईत क्वार्टेट वाजवणाऱ्यांनी काउफमान आणि भाटिया एका संध्याकाळी ठेवावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

मंद्रसप्तक
दोन दिवस फारेंकची तिसरी आणि प्राइसची पहिली लावून ऐकली. माझं मत तसंच आहे, गुणांशिवाय दुसरी कसोटी मला मान्य नाही. पण कसोटीला उभंच न केल्याचा मुद्दा मला पटला. फारेंकचा शेवटचा भाग जबरदस्त आहे. प्राइसचा पहिला भाग मला लांबला असं वाटलं, 'जुबा' मात्र परत परत ऐकला. हे लिहिलं तर चालेल ना?

व्हायोलावाली
चालेल काय, असंच लिहा! बेथोव्हेनची एखादी कृती लांबली असं आपण म्हणतोच ना. प्राइसबद्दलही तसंच मोकळेपणी बोलता आलं पाहिजे. पहिला भाग लांबतो हे आमच्या कंडक्टरचंही मत आहे. मला तसं वाटत नाही, पण लय जराशी रेंगाळली तर तो पसरतो हे खरं.

काल समितीची बैठक झाली. ऑक्टोबरमध्ये सें-जॉर्जची सिंफनी, क्लारा शुमानचा कंचेर्टो, मध्यंतरानंतर फारेंकची तिसरी. मे महिन्यात प्राइसची पहिली, तिच्याआधी अमेरिकन संगीतकार कोपलंडची कृती. द्वोर्झाक त्या संध्याकाळी नाही. तालमी नेहमीपेक्षा जास्त मागून घेतल्या, कारण हे संगीत कुणाच्याच कानात आधीपासून नाही. बेथोव्हेनच्या पाचवीत चुकलेला वादक आठवणीवर परत जागेवर येतो, इथे ती सोय नाही. प्रत्येकाला महिनाभर आधी ध्वनिमुद्रण पाठवणार आहे.

आणखी एक गोष्ट मी हट्टाने लिहून घेतली. फारेंक दोन वर्षांनी पुन्हा वाजवायची. या संगीतकारांच्या वाट्याला पहिला प्रयोग कधीमधी येतो, दुसरा येत नाही. पार्ट विकत घेतले आहेत, भाड्याने नाहीत, त्यामुळे बो (गज) कसा फिरवायचा याच्या खुणा त्यांवर राहतील आणि शेजारच्या ऑर्केस्ट्रालाही देता येतील. अशा दोन ऑर्केस्ट्रांशी बोलणं चालू आहे.

लायब्ररीतली
हे फारच छान केलंत. खुणा पेन्सिलने करा, मऊ शिशाची घ्या. आणि तालमीत सापडलेल्या पार्टमधल्या चुकांची एक यादी करून प्रकाशकाला पाठवा, मलाही पाठवा. पुढच्या ऑर्केस्ट्राला ती मी पार्टबरोबरच देईन.

पुणेरी_सनई
माझ्या प्रश्नाचं राहिलंच! की फारेंकपासूनच सुरुवात करू?

लायब्ररीतली
फारेंकचं नॉनेट आधी ऐका. पाच फुंकवाद्यं, चार तंतुवाद्यं, प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू येतो. मग तिसरी सिंफनी. मग प्राइसची 'ॲडोरेशन', चार मिनिटांची आहे, मूळ ऑर्गनसाठी, आता व्हायोलिनवर फार वाजते. त्यानंतर पहिली सिंफनी.

साळनदी
आमच्या वाड्यावरच्या एका घरातून कालच हस्तलिखितांची एक पेटी मिळाली. मोतेत आहेत, लॅटिन शब्द, दोन व्हायोलिन आणि बासचे पार्ट वेगळे. काही पानांवर मेस्ताचं नाव आहे, काहींवर नाही. फोटो काढायला सुरुवात केली आहे. व्हायोलावाली, तुमच्याकडे कुणी स्कोअर टंकणारं आहे का?

व्हायोलावाली
आहे, आमचा दुसरा क्लॅरिनेटवाला. आजच विचारते. फोटो सरळ वरून काढा, पानाच्या चारही कडा दिसू द्या.